रिलीफ व्हॉल्व्ह बदलला, तरी बाहेरच्या पाइपातून पाणी टपकतंच आहे

तक्रार बहुतेक वेळा एकाच क्रमाने येते. रेडिएटरमध्ये गरम पाणी फिरवून घर तापवणारा बॉयलर, सकाळी त्याच्यावरच्या दाबाच्या गेजचा काटा शून्याला टेकलेला आणि घर गार. फिलिंग लूप, म्हणजे नळाचं पाणी यंत्रणेत भरायची जोडनळी, उघडून काटा दीड बारवर (बार हे दाबाचं एकक) आणला की हीटिंग चालू होतं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग कधीतरी कुणाचं लक्ष जातं, की बाहेरच्या भिंतीतून निघालेल्या बारक्या तांब्याच्या पाइपाखालची फरशी सतत ओली असते. तो पाइप रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे दाब फार वाढला तर पाणी बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा. तंत्रज्ञ येतो, व्हॉल्व्ह बदलतो. महिनाभर बरं जातं आणि मग तो नवाकोरा व्हॉल्व्हही टपकायला लागतो. एका घरात मी गेलो तेव्हा एकाच हिवाळ्यातला तिसरा व्हॉल्व्ह बसवायची तयारी चालू होती. आधीचे दोन्ही कपाटात जपून ठेवलेले होते आणि दोघांतही काही दोष नव्हता. रोग रेड्याला, औषध पखालीला.

हा व्हॉल्व्ह नेमका कशासाठी असतो याबद्दलच घोटाळा आहे. प्रेशर कुकरला दोन गोष्टी असतात. एक शिटी, जी रोज वाजते आणि वाजायलाच हवी. दुसरा झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, जो सगळं सुरळीत असेल तर वर्षानुवर्षं काहीच करत नाही. बंद हीटिंगमधला, म्हणजे तेच पाणी फिरत राहणाऱ्या यंत्रणेतला, रिलीफ व्हॉल्व्ह हा दुसऱ्या जातीतला आहे, पण लोक त्याला शिटी समजतात. ‘दाब वाढला की थोडं पाणी सोडतो, त्याचं कामच ते’ असं म्हणून सोडून देतात. धडधाकट यंत्रणेत तो कधीच उघडत नाही. उघडला, याचा अर्थ दाब सांभाळण्याचं काम ज्याचं होतं त्याने ते केलं नाही. ते काम एक्स्पान्शन टाकीचं, म्हणजे तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीचं असतं. शोध तिथून सुरू करायचा.

त्याआधी एक गोष्ट

पाइपातून थेंबांऐवजी वाफ किंवा उकळतं पाणी जोरात येत असेल, तर पुढचं वाचत बसू नका. बॉयलर बंद करा, गॅस किंवा तेलाचा पुरवठा बंद करा, पाइपाच्या तोंडापासून माणसं दूर करा आणि सगळं आपोआप गार होऊ द्या. तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी भरायचं नाही. हे एक्स्पान्शन टाकीचं दुखणं नाही. थर्मोस्टॅट, ओव्हरहीट कटऑफ किंवा पंप यांपैकी काहीतरी गेलेलं असतं आणि परवानाधारक माणसाने पाहिल्याशिवाय तो बॉयलर पुन्हा चालू करायचा नसतो.

धोका दाबाचा जितका, त्याहून जास्त तापमानाचा आहे. गेजवर ३ बार असताना पाणी १०० अंशाला उकळत नाही, सुमारे १४३ अंश सेल्सिअसपर्यंत पाणीच राहतं. त्या तापमानाला बॉयलरचं भांडं फाटलं तर दाब एका क्षणात उतरतो आणि त्यातल्या साधारण आठ टक्के पाण्याची जागच्या जागी वाफ होते. आठ टक्के म्हणजे किरकोळ वाटतं, पण एक लिटर पाण्याची वातावरणाच्या दाबाला सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते. म्हणजे बॉयलरमधल्या दर लिटरमागे शंभराहून जास्त लिटर वाफ, तीही डोळ्यांचं पातं लवण्याआधी. गार पाण्याने भरलेली टाकी फुटली तर पाणी सांडतं. तापलेली फुटली तर भिंत पडते.

म्हणूनच व्हॉल्व्हचं तोंड बंद करणं हा एकच ‘उपाय’ असा आहे, ज्यावर मी चर्चाही करत नाही. हा मोह मात्र जुना आहे. १८३१च्या जूनमध्ये अमेरिकेत ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन’ या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर फुटला. सेफ्टी व्हॉल्व्हच्या फुसफुसण्याला वैतागून फायरमनने तो दाबून धरला होता, असं त्या अपघाताबद्दल सांगितलं जातं. फायरमन त्यात गेला. मी स्वतः पाहिलेलं कारण याहून साधं होतं. भिंतीवर गंजाचे डाग पडतात म्हणून कुणीतरी पाइपाच्या तोंडावर नीट मापाची टोपी घट्ट बसवून दिली होती. काम सुबक होतं.

आधी काटा वाचायला शिका

व्हॉल्व्हला हात लावण्याआधी दोन-तीन दिवस नुसता काटा बघा. सकाळी यंत्रणा पूर्ण गार असताना एकदा आणि रेडिएटर चांगले तापल्यावर एकदा, वेळेसकट कागदावर लिहून ठेवा. पाना हातात घेण्याआधीच निम्मं निदान या आकड्यांतून होतं.

घरगुती बंद यंत्रणेत गार दाब साधारण १ ते दीड बार असतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह बहुतेक ३ बारला लावलेला असतो. काही देशांत तो ३० पीएसआयचा (हेही दाबाचंच एकक), म्हणजे जेमतेम २ बारचा असतो आणि तिथे गार दाब १२ पीएसआयच्या आसपास ठेवतात. तुमच्या व्हॉल्व्हच्या टोपीवर काय छापलंय ते पाहून पुढचे आकडे त्या हिशेबाने घ्या. तापल्यावर दाब अर्ध्या-पाऊण बारने वाढला तर ठीक. एक बारने वाढला तरी मी लगेच घाबरत नाही.

गार असताना १.२ आणि तापल्यावर काटा सरसर अडीच-पावणेतीनच्या पुढे, मग रात्री गार झाल्यावर आधीपेक्षा कमी: ही एक्स्पान्शन टाकीची सही आहे. पाणी तापून फुगलं, त्याला जागा मिळाली नाही, ते व्हॉल्व्हवाटे बाहेर गेलं आणि उरलेलं आकसल्यावर दाब पडला. घरातला माणूस पडलेला दाब पाहून पाणी भरतो, दुसऱ्या दिवशी तेवढंच पुन्हा बाहेर जातं. हा चरखा हंगामभर चालू शकतो.

हीटिंग बंद असतानाही काटा हळूहळू वर चढत असेल तर टाकीचा विचार सोडा. नळाचं पाणी कुठूनतरी आत शिरतंय.

काटा दीडच्या वर कधी जातच नाही, तरी पाइप टपकतो, असं असेल तर व्हॉल्व्ह खरोखर खराब आहे किंवा गेज खोटं बोलतंय. आणि पाइप कोरडा ठणठणीत, फरशी कोरडी, तरी दाब उतरतोय, तर गळती दुसरीकडे आहे. रेडिएटरचे सांधे, फरशीखालचा पाइप किंवा कंडेन्सिंग बॉयलरच्या आतला हीट एक्स्चेंजर, म्हणजे पाण्याला उष्णता देणारा भाग. तो शोध वेगळा, इथे त्यात शिरत नाही.

थेंब मोजायला पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधायची युक्ती बरेच जण सांगतात. मला ती आवडत नाही, कारण पिशवी बांधून विसरणारे मी पाहिले आहेत. पाइप पुसून कोरडा करा आणि रात्रभर, यंत्रणा गार असताना, खाली एक वाटी ठेवा. तेवढं पुरतं.

एक्स्पान्शन टाकी

पाणी १० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की त्याचं आकारमान जवळजवळ २.९ टक्क्यांनी वाढतं. यंत्रणेत १०० लिटर पाणी असेल तर सुमारे तीन लिटरची सोय करावी लागते. पाणी दाबून लहान होत नाही, हवा होते. म्हणून टाकीत रबरी पडदा असतो. एका बाजूला यंत्रणेचं पाणी, दुसऱ्या बाजूला आधीच भरलेली हवा किंवा नायट्रोजन. पाणी फुगलं की पडदा हवेकडे सरकतो.

इथे थोडा हिशेब करणं फायद्याचं आहे, कारण त्यात एक अशी गोष्ट दिसते जी नुसती टाकी बघून दिसत नाही. समजा टाकी ८ लिटरची आहे आणि तिच्यात १ बार हवा भरलेली आहे. गार यंत्रणेत पाणीही १ बारलाच भरलं, तर व्हॉल्व्ह उघडेपर्यंत, म्हणजे ३ बारपर्यंत, टाकी ४ लिटर वाढीव पाणी घेऊ शकते. गार दाब दीडवर ठेवला तर २.४ लिटर. दोनवर ठेवला तर फक्त १.३ लिटर. टाकी तीच, हवाही तीच. ‘सारखं भरायला नको’ म्हणून जो माणूस गार यंत्रणा दोन बारपर्यंत भरून ठेवतो, तो स्वतःच्या हाताने टाकीची दोन तृतीयांश जागा खाऊन टाकतो आणि मग व्हॉल्व्हला दोष देतो. काही घरांत सगळी दुरुस्ती एवढीच असते: थोडं पाणी काढून काटा १.२ वर आणायचा.

आता टाकीतली हवा, ती भरायच्या पिनेवाटे, निघून गेली आहे असं धरा. गार दाब दीडला ठेवला, तर तीच टाकी सव्वा लिटरच्या आत भरून जाते. हवा वर्षागणिक थोडीथोडी जातेच. वर्षातून एकदा कुणी तपासलीच नाही, तर पाच-सात वर्षांनी हीच तक्रार उभी राहते.

तपासणी अवघड नाही, पण ती चुकीची करणारे फार. गॅस बॉयलरचं बंद आवरण उघडावं लागत असेल तर ते काम परवाना असलेल्याकडेच सोपवा. टाकी बाहेर, हाताला येईल अशी असेल तर असं करा.

बॉयलर बंद करून पूर्ण गार होऊ द्या. बॉयलरखालचे जाण्या-येण्याच्या पाइपांचे कॉक बंद करता येत असतील तर करा, म्हणजे सगळ्या घराचं पाणी काढावं लागणार नाही. मात्र टाकी, गेज आणि रिलीफ व्हॉल्व्ह त्या कॉकच्या एकाच बाजूला, म्हणजे बॉयलरकडे आहेत ना, हे आधी पाहा. मग ड्रेन कॉकला, म्हणजे यंत्रणेतलं पाणी काढायच्या कॉकला, नळी लावून दाब शून्यावर आणा आणि कॉक उघडाच ठेवा. दाब उतरवायला रिलीफ व्हॉल्व्हची लाल मूठ फिरवू नका. तशी सवय पुष्कळांना आहे, पण त्यामुळे बरा असलेला व्हॉल्व्हही गळका होऊ शकतो, ते पुढे सांगतो.

पाण्याची बाजू शून्यावर आणणं ही यातली कळीची पायरी आहे आणि नेमकी तीच गाळली जाते. पाण्यात दीड बार दाब असताना टाकीच्या पिनेवर गेज लावलं तर गेज दीडच दाखवणार, कारण पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखाच असतो. टाकीत नावापुरती हवा उरली असली तरीही. ‘मी तपासलं, दीड बार आहे, टाकी उत्तम’ असं सांगून गेलेल्या माणसाचं बहुतेक वेळा इथेच चुकलेलं असतं. वर उल्लेख केलेल्या घरातही हेच झालं होतं.

ड्रेन उघडा असताना पिनेची टोपी काढा. ही पिन मोटारीच्या टायरला असते तीच. पिन हलकेच दाबली आणि पाणी आलं, तर पडदा फाटलाय, टाकी बदला, हवा भरण्यात वेळ घालवू नका. काहीच आलं नाही, नुसती क्षीण फुस्स झाली, तर हवा गेली आहे. साध्या टायरच्या पंपाने भरता येते. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. किती भरायची ते टाकीवरच्या पट्टीवर किंवा बॉयलरच्या पुस्तिकेत असतं. घरगुती टाक्यांत पाऊण ते एक बार नेहमीचं. यंत्रणेचा सर्वांत उंच रेडिएटर टाकीपासून १० मीटर वर असेल तर नुसत्या पाण्याच्या उंचीचाच जवळजवळ १ बार होतो, हवा त्याहून थोडी जास्तच लागते. हवा भरत जाल तसतसं टाकीतलं अडकलेलं पाणी ड्रेनमधून बाहेर पडेल. ते थांबल्यावर दाब पुन्हा मोजा, कमी पडला असेल तर पुन्हा भरा.

हवा भरत असताना ड्रेनमधून थेंबही आला नाही आणि पंपाचा दाब मात्र भराभर वाढला, तर टाकीकडे जाणारी बारीक नळी गाळाने बुजलेली असण्याची दाट शक्यता आहे. अशा यंत्रणेत बॉयलर पेटल्यावर काही मिनिटांतच काटा उसळतो. टाकी शाबूत, हवा शाबूत, पण पाणी तिच्यापर्यंत पोचतच नाही. नवीन टाकी त्याच बुजलेल्या नळीवर बसवून गेलेले लोकही आहेत.

टाकीवर टिचकी मारून पोकळ-भरीव आवाज ऐकायची पद्धत मी सोडून दिली. एकदा बरोबर येते, दोनदा फसवते.

पिनेला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा, टोपी घट्ट करा, ड्रेन बंद करा आणि बंद केलेले कॉक पुन्हा उघडा. मग टाकीतल्या हवेपेक्षा दोन-तीन दशांश बार जास्त येईपर्यंत पाणी भरा. रेडिएटरमधली हवा काढा, दाब पडला तर पुन्हा जुळवा.

तपासणीत गेजची परीक्षाही फुकटात होते. ड्रेन उघडा असताना काटा शून्यावर आला का? अर्ध्यावरच अडकला असेल तर इतके दिवस तुम्ही लिहिलेले आकडे गेले, आधी गेज बदला.

हे सगळं नीट असूनही दाब चढत असेल, तर टाकीच लहान पडतेय. भिंतीवरच्या बॉयलरमध्ये आतली टाकी साधारण ७ ते १० लिटरची असते. मागाहून खोल्या वाढल्या, रेडिएटर वाढले, पाणी दीडपट झालं आणि टाकी तीच राहिली. अशा वेळी परतीच्या पाइपावर आणखी एक टाकी जोडतात.

गार असतानाच दाब चढतो तेव्हा

पहिला संशय फिलिंग लूपवर. दोन्ही कॉक बंद दिसत असले तरी आतलं वॉशर पाणी सोडत असतं. लूपची नळी सोडवून ठेवा आणि नळाकडच्या कॉकच्या तोंडातून थेंब येतो का पाहा. ही नळी तशीही कायम जोडून ठेवायची वस्तू नाही.

ते कोरडं निघालं तर अंघोळीचं पाणी तापवणारा प्लेट हीट एक्स्चेंजर किंवा अंघोळीच्या पाण्याच्या टाकीतली कॉइल आतून झिरपत असेल. नळाचा दाब हीटिंगपेक्षा जास्त असतो, म्हणून पाणी तिकडून इकडे येतं. रात्रभर बॉयलरचा गार पाण्याचा कॉक बंद ठेवा. काटा जिथल्या तिथे राहिला तर चोर सापडला. याला दिरंगाई करू नका, कारण नळाचं पाणी कधी बंद झालं तर प्रवाह उलटा होऊन हीटिंगमधलं काळं, रसायनं टाकलेलं पाणी तुमच्या गरम नळात येऊ शकतं.

आणि आता तो व्हॉल्व्ह

कारण दूर झालं तरी बऱ्याचदा व्हॉल्व्ह बदलावाच लागतो. आत एक स्प्रिंग असते आणि ती रबरी चकती बैठकीवर दाबून धरते. व्हॉल्व्ह एकदा उघडला की हीटिंगमधला काळा गाळ त्या पाण्याबरोबर येतो, एखादा कण चकतीखाली अडकतो आणि मग १ बारलाही थेंब थांबत नाही. लाल मूठ फिरवून चाचणी घेतल्यावर होतं ते हेच. चाचणी घ्यायचीच असेल तर नवीन व्हॉल्व्ह हाताशी ठेवून घ्या. म्हणजे क्रम असा: आधी टाकी, नळी, लूप, मग व्हॉल्व्ह. उलट्या क्रमाने गेलात तर तुमच्याही कपाटात व्हॉल्व्ह साठतील.

नवा घेताना टोपीवरचा आकडा जुन्याशी जुळला पाहिजे. अंघोळीच्या टाकीसाठीचे ६ बारचे व्हॉल्व्ह दिसायला अगदी असेच असतात आणि त्याच आट्यांवर बसतातही. तो ६ बारचा हीटिंगवर बसवलात तर टपकणं लगेच थांबेल. टोपी ठोकण्याचाच तो सभ्य प्रकार आहे. व्हॉल्व्हवरचा बाण पाण्याच्या दिशेने ठेवा. बॉयलर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये कुठलाही कॉक नको, पुढे बाहेर जाणाऱ्या पाइपातही नको.

बाहेरचा पाइप धातूचा हवा, व्हॉल्व्हच्या तोंडापेक्षा बारीक नको आणि त्याला सलग उतार हवा. शेवट अशा ठिकाणी, जिथे उकळतं पाणी कुणाच्या अंगावर उडणार नाही. पाइपाचं तोंड भिंतीकडे वळवलेलं असतं ते याचसाठी. कडाक्याच्या थंडीत बारीक टपकण्याची आणखी एक भानगड होते. थेंबथेंब गोठत जाऊन तोंडावर बर्फाचं बूच बसतं. कुणी टोपी न ठोकताही पाइप बंद, आणि तोही नेमका बॉयलर सर्वांत जास्त चालतो त्या दिवसांत. म्हणून ‘वसंतात बघू’ हे उत्तर चालत नाही.

लाकूड-कोळशाच्या बॉयलरवर यातलं सगळंच जास्त कडक लागू होतं, कारण तिथे बटण दाबून आग विझत नाही. तो बंद यंत्रणेला जोडलेला असेल तर तापमानावर उघडणारा वेगळा सुरक्षा व्हॉल्व्ह आहे का, हे आधी तपासा.

दुरुस्तीनंतर लूपची नळी काढूनच ठेवा आणि आठवडाभर तोच कागद पुढे चालवा, सकाळचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा. सकाळचा आकडा सातही दिवस जागेवर राहिला, संध्याकाळचा दोनच्या आसपास थांबला आणि खालची वाटी कोरडी राहिली, तर काम झालं. सारखं नवं पाणी भरून भरून गंजरोधक रसायन पातळ झालेलं असतं आणि त्या पाण्यातल्या ऑक्सिजनने आणखी गाळ केलेला असतो. म्हणून रसायन पुन्हा योग्य प्रमाणात टाका. सकाळचा आकडा रोज दशांशाने उतरत असेल आणि वाटी कोरडीच असेल, तर रेडिएटरच्या सांध्यांखाली कागदाचे तुकडे ठेवून पाहायला लागा.